बाबांच्या राजावर हल्ला

मला बघायला गोंदियाची मंडळी आली तेव्हा जबलपुरात ब्लॅकआउट चालू होता. लढाईचे दिवस, बाबा फॅक्टरीत कामाला, आणि आमच्या क्वार्टरच्या अंगणात बाबांनी स्वतः खणलेला खंदक. मुलगा आला तो आधी त्यात पडला. कंबरेपर्यंत आत उभा राहून मला म्हणाला, "चांगला खोदला आहे." मला तो तिथेच आवडला.

दाखवण्याचा कार्यक्रम आटोपला, चिवडा झाला आणि भोंगा वाजला. काळा कागद एकाच खोलीच्या खिडक्यांना लावलेला, म्हणून सगळे त्या खोलीत, कंदिलाच्या बोटभर उजेडात बसलो. मुलाच्या वडिलांना कोपऱ्यात बुद्धिबळाचा पट दिसला.

"एक डाव होऊन जाऊ द्या," ते म्हणाले. "पसंतीचं मग डाव संपल्यावर बोलू."

आईने बाबांना कोपर मारलं. मुलीकडच्यांनी हरायचं असतं, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. बाबा फॅक्टरीतले पट्टीचे खेळाडू, हरायची सवय नाही, तरी बिचारे कामाला लागले. त्यांनी वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला, म्हणजे राजाला हत्तीच्या आड नेला खरा, पण जिकडे तो जास्त उघडा पडतो तिकडे. मग राजापुढची प्यादी एकेक करून पुढे ढकलली. दारात रांगोळी काढून शत्रूला या म्हणायचं तेवढं बाकी राहिलं.

शत्रू येईना. मुलाच्या वडिलांनी घोडा मागे घेतला. बाबांनी एक प्यादं फुकट देऊ केलं, ते त्यांनी मारलं नाही. उलट स्वतःचा हत्ती बाबांच्या उंटापुढे आणून ठेवला. बाबांनी तो दिसलाच नाही असं दाखवलं. ते सोपं नव्हतं, कारण कंदिलाचा होता नव्हता तो उजेड त्याच हत्तीवर पडला होता.

"काहून मारत नाही जी?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"तुम्ही काहून मारत नाही?" बाबा म्हणाले.

मुलाच्या वडिलांचं कारण मला लग्नानंतर कळलं. लोकाच्या घरी दोन ताटल्या चिवडा खायचा आणि वर त्यालाच हरवायचं, हे त्यांना बरं दिसेना. म्हणजे दोघेही हरायला बसले होते आणि दोघांनाही ते जमत नव्हतं. बाहेरून वॉर्डन ओरडला, "बत्ती कम करो, भैया." बाबांनी वात आणखी खाली केली. मुलाची आई म्हणाली, "आपली गाडी सुटून जाईल हं." मुलगा वडिलांना म्हणाला, "आटपा ना आता." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचाही जीव टांगणीला लागला होता. ते पाहून मला बरं वाटलं, आणि त्या दोन शहाण्यांचा भयंकर राग आला. हे असेच खेळत बसले तर उत्तर न देता मंडळी गाडीत बसणार होती.

खेळ मला बाबांनीच शिकवला होता. मुलाच्या वडिलांचा काळा उंट केव्हापासून बाबांच्या राजाशेजारच्या घरावर नेम धरून बसला होता, आणि त्यांचा वजीर रिकामा होता.

"चाल तुमची आहे ना, काका?" मी विचारलं. ते हो म्हणायच्या आत मी तो वजीर उचलला आणि उंटाच्या जोरावर बाबांच्या राजाला खेटून ठेवला. "मात," मी म्हणाले.

आईने डोळे मिटून घेतले. बाबांनी राजाच्या सगळ्या वाटा बोटाने चाचपून पाहिल्या. एकही मोकळी नव्हती. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि आवाजावरून कळत होतं की ते खूश आहेत.

"मुलगी पसंत आहे," मुलाचे वडील म्हणाले. "आता नाही कसं म्हणणार? ती तर आतापासूनच आमच्याकडून खेळून राहिली."

सगळे हसले. बाबाही हसले, पण जरा उशिरा. मग ते अंधारात सोंगट्या डब्यात भरू लागले. सगळ्या सापडल्या, त्यांचा राजा तेवढा सापडेना. पटाखाली, सतरंजीखाली हात घालून ते शोधत राहिले. तो माझ्या मुठीत होता. मला तो सोडवत नव्हता.