गेट्टी मेळम् आणि सेतूमामाचं जॅझ

सहा आठवड्यांपूर्वी चेन्नईत एडिटिंग करत बसले होते, तेव्हा मामीचा फोन आला. "पोरी, तुझ्या मामाचं वाजवणं थांबलं गं," एवढंच म्हणाली. कुंभकोणमच्या बसमध्ये मी रडले नाही. सेतूमामा जिंकून गेला होता... आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मामा चाळीस वर्षं लग्नांत क्लॅरिनेट वाजवायचा. तरुणपणी दोन वर्षं चेन्नईतल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये होता, तिथे एका म्हाताऱ्या गोवेकर ट्रंपेटवाल्यानं त्याला जॅझचा नाद लावला. परत आल्यावर ते वाजवणार कुठे? कुंभकोणमजवळ, साक्कोट्टैच्या घरी, संध्याकाळी, पुढच्या खोलीत. जरा रंग भरला की आतून मामी ओरडायची, "पुरे तें! कॉफी थंड होत्ये." मामा वाद्य खाली ठेवायचा. "मांडवात लोक जेवायला येतात आणि घरात कॉफी आड येते," तो म्हणायचा, "शेवटपर्यंत कोणी ऐकलं नाहीं बघ मला." हसून म्हणायचा, पण ते त्याला लागलेलं असायचं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. वडील रिक्षा चालवत. मी फिल्म शिकायला निघाले तेव्हा नातेवाईक म्हणाले, "हेंही शिकावं लागतं?" लागतं! शेवटच्या वर्षी मी अठरा मिनिटांची फिल्म केली. पितळी समया ओतणारे हात, भट्टी, धूर, विड्याची पानं. गोष्ट नाही, संवाद नाही, एक चित्र मध्येच तुटून दुसऱ्यावर आदळतं. सरांनी वीणा सुचवली. ती लावून पाहिली तर सगळं देवळाच्या माहितीपटासारखं गुळगुळीत झालं. अशा प्रयोगशील फिल्मांना जॅझ का मानवतं, यावर मी जाड पुस्तकं वाचली होती, म्हणून फिल्म घेऊन मामाकडे गेले. मामानं भिंतीवर बांधलेल्या चादरीवर फिल्म पाहिली आणि म्हणाला, "ह्या चित्रालाच ठाऊक नाहीं पुढं काय येणार. मग मला कशाला ठाऊक असावं? चल, वाजवतों."

सोबतीला लग्नांत त्याच्याबरोबर तविल, म्हणजे आमच्याकडचा ढोल, वाजवणारा जोडीदार आला. फिल्म बघत बघत दोघं वाजवत होते, मी रेकॉर्ड करत होते. मध्ये एक जागा मला पूर्ण शांत हवी होती. म्हातारा कारागीर बोट वर करतो, सगळे थांबतात, मग वितळलेलं पितळ साच्यात ओततात. दोघांना तीनतीनदा बजावलं होतं. चादरीवर बोट वर झालं... आणि दोघांनी गेट्टी मेळमचा असा दणका दिला की खिडक्या थरथरल्या!

आमच्याकडे मंगळसूत्र बांधताना पुरोहित असंच बोट वर करतो आणि कुणाची शिंक, कुणाचा वावगा शब्द कानी पडू नये म्हणून वाजवणारे जीव तोडून वाजवतात, तोच गेट्टी मेळम्. जन्मभर ते बोट पाहिलेले दोघे, दुसरं काय करणार?

"कोणाचं लग्न रे?" मामी आतून.

मामा ओशाळला. "चुकलं पोरी. हात ऐकत नाहींत. पुन्हा घेऊं."

मी भडकलेच होते. पण लावून ऐकलं. लाल पितळ साच्यात उतरतंय आणि त्यावर तो मुहूर्ताचा कल्लोळ... "पुन्हा नाही घ्यायचं," मी म्हटलं.

कुंभकोणमच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. पहिली काही मिनिटं चुळबुळ, खोकणं. मामा माझ्याशेजारी, हात मांडीखाली दाबून. पडद्यावर बोट वर झालं, गेट्टी मेळम् फुटला आणि समोरच्या दोन रांगांतले हात आपसूक उठले, अक्षता टाकायला! मुठीत काहीच नाही. सगळा हॉल हसला. मग कल्लोळ विरून एकटं क्लॅरिनेट उरलं, ठेक्याच्या जरा मागे रेंगाळणारं, आणि हॉल असा गप्प झाला की पंखे ऐकू आले. नावं सरकून गेली, दिवे लागले, तेव्हाच लोक उठले, ते टाळ्या वाजवायला.

"बसले गं," मामा माझा दंड घट्ट धरून म्हणाला, "शेवटपर्यंत बसले."

पुढे फिल्म परदेशांत फिरली, बक्षीसही मिळालं. मामानं विचारलं एवढंच, "तिथं उठलं नाहीं ना कोणी मधून?"

परवा साक्कोट्टैला गेले. भिंतीवरची चादर मामीनं काढलेली नाही. संध्याकाळ होती. तिनं कॉफी केली, आम्हा दोघींचे पेले मधे ठेवले आणि म्हणाली, "लाव तें." बोट वर झालं तेव्हा तिचाही हात उठला. मग एकटं क्लॅरिनेट सुरू झालं. मी पेला तिच्याकडे सरकवला, तर तिनं नजर न हलवता तो बाजूला केला. शेवटचं नाव सरकेपर्यंत ती बसून होती, आणि कॉफी पार थंड झाली होती.