चौऱ्याण्णव टक्के

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली बिल्कुल नाही. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते, केंद्राच्या एका मंत्रालयात फायली तपासते. कागद जोडला नसेल तर फाईल पुढे जाऊ देत नाही, असा माझा लौकिक आहे. त्यामुळे हे लिहायला बसले तेव्हा स्वतःचाच राग येत होता.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे दिल्लीला आले. इथे मराठी पुस्तकं मिळायची मारामार, त्यात मोतीबिंदू. मग त्यांना टॅबलेट घेऊन दिला, माझ्याच अकाउंटवर, अक्षरं मोठी करून. त्यांच्यासाठी मी लोकांनी स्वतःच छापलेली ई-बुकं धुंडाळायला लागले. काय काय वाचावं लागलं, विचारू नका! पाच तारे देणाऱ्यांची आडनावं लेखकाचीच असली की मी पुस्तक सोडून द्यायचे. उरलेली बाबा दहा पानांत निकालात काढायचे. "स्वतःचीच आरती ओवाळतोय," म्हणायचे आणि बंद.

एकदा मात्र एका निवृत्त पोस्टमनचं आत्मकथन सापडलं. मुखपृष्ठ भयाण, रिव्ह्यू एकही नाही... पण नमुन्याची पानं मी उभ्याउभ्या वाचून काढली. बाबांनी चार दिवस ते हातातून सोडलं नाही. "एकतीस टक्के झालं. शोधून काढलंस हं," म्हणाले. बाबांकडून एवढं कौतुक म्हणजे खूप झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना स्ट्रोक आला.

आयसीयूत सकाळी एक तास भेट, बाकी वेळ बाहेरच्या खुर्चीवर. तिसऱ्या दिवशी वेळ जावा म्हणून तेच पुस्तक मी फोनवर उघडलं. मेसेज आला — दुसऱ्या डिव्हाइसवर ४४ टक्के वाचून झालं आहे, तिथे जायचं का?

वाटलं, घरी मुलाने टॅबलेट हाताळला असणार. घरी गेले तर टॅबलेट मीच ठेवला होता तसा माझ्या कुलूपबंद कपाटात, बॅटरी पूर्ण संपलेली. किल्ली माझ्या पर्समध्ये. चार्जिंगला लावून पाहिलं, त्यावर पुस्तक एकतीस टक्क्यांवरच होतं. मी तो बंद करून परत कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ५५. मग ६३. मग ७४. ऑफिसच्या आयटीवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "मॅडम, सर्व्हर का कुछ होगा." मी म्हटलं, अच्छा, असेल. पण रोज सकाळी बाबांच्या आधी तो आकडा बघायला लागले, हे कबूल करते.

दादा पुण्याहून आला होता. आठव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. म्हणाले, मेंदूत काही उरलेलं नाही, आता जे चाललंय ते मशीनचं. हृदय थांबलं तर पुन्हा सुरू करायची धडपड करायची नाही, औषधं वाढवायची नाहीत, असा फॉर्म समोर ठेवला.

त्या सकाळी आकडा होता ८८.

मी मनात हिशेब केला. अजून एक दिवस, फार तर दीड. आणि लगेच लाज वाटली. इतकी शिकलेली बाई, आणि वडिलांबद्दलचा निर्णय मोबाईलच्या मेसेजवर घेणार?

दादाचे डोळे लाल झाले होते. तो म्हणाला, "अजून एक दिवस थांबायचं का? तू म्हणशील तसं."

त्याने सरळ विचारलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. पण का, असं त्याने विचारलं असतं तर काय सांगणार होते?

मी म्हटलं, "नको दादा. उगाच हाल नकोत."

आम्ही दोघांनी सह्या केल्या. बाबा त्याच दुपारी पावणेचारला गेले. अंत्यसंस्कार करून घरी आल्यावर मी पुस्तक उघडलं. ९४ टक्के. त्यानंतर तो आकडा आजतागायत हललेला नाही.

सहा टक्के म्हणजे शेवटचं एक प्रकरण. ते मला वाचवत नाही. सर्व्हर असेल, योगायोग असेल, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला खात्रीचं कारण माहीत असेल तर लिहा, मी हात जोडून वाचेन.

दादा अजूनही फोनवर म्हणतो, आपण बरोबरच केलं ना गं? मी हो म्हणते. त्या आकड्याबद्दल मी त्याला काहीच सांगितलेलं नाही.