गॅपमधली चार वर्षं: जव्हार ते दादर, दोन मुलांबरोबर

जायचं ठरलं ते एका फोनमुळे. जव्हारजवळच्या एका पाड्यावर मी शाळा सुटलेल्या मुलांचा वर्ग घेते. आमच्या वर्गातल्या दोघांचे अर्ज दादरच्या एका प्रशिक्षण संस्थेने मुलाखतीसाठी घेतले होते. फोनवरचा माणूस म्हणाला, मुलं एकटी येणार असतील तर पाठवूच नका, हरवतील. मी म्हटलं, मी घेऊन येते. माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. निदान तिथे तरी मी कुणाला हरवू देणार नव्हते.

सुनीता वारली, वय वीस. आश्रमशाळेतून नववीत घरी आली आणि परत गेली नाही. मागच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झाली. तिला रुग्णसेवेचा कोर्स करायचा होता. दिनेश कातकरी, तिच्याहून वर्षाने लहान. तोही असाच बाहेरून दहावी झालेला. बंद पडलेला पंप, मोबाइल, मिक्सर, काहीही उघडतो आणि बहुतेक वेळा चालू करून परत देतो. त्याने एसी-फ्रिज दुरुस्तीसाठी अर्ज केला होता. बोलतो मात्र मोजून चार शब्द.

तुम्हीही मुलांना घेऊन असं निघणार असाल तर पहाटेची एसटी धरा. विक्रमगड, मनोर करत ठाण्याला चार तास लागतात. मनोरला गाडी थांबते तेव्हा वडापाव खाऊन घ्या, पुढे वेळ मिळत नाही. ठाण्याहून आम्ही सायनची बस घेतली आणि तिथून दादरची. मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येकाच्या निदान पाच झेरॉक्स काढून न्या. जातीचा दाखला तर लॅमिनेट करूच नका, काही ठिकाणी चालत नाही.

संस्थेच्या खिडकीवर पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, गॅप सर्टिफिकेट कुठे आहे? शाळा सोडल्यापासून दहावीपर्यंतच्या वर्षांत काय केलं, याचं ते प्रतिज्ञापत्र. ते लागेल असं फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. उद्या अकराच्या आत आणा, नाहीतर दोन्ही अर्ज बाद, त्या म्हणाल्या. इथवर ठीक होतं. मग आवाज खाली आणून, जणू माझ्या भल्यासाठीच, त्या म्हणाल्या, "मॅडम, सीट वाया जाते हो. ही मुलं टिकत नाहीत. लावणी आली की पळतात."

दोन्ही मुलं माझ्या शेजारी उभी होती. मी तोंड उघडणार, एवढ्यात सुनीताने माझा दंड धरला आणि बाईंना विचारलं, हे सर्टिफिकेट मिळतं कुठे? बाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर, त्या म्हणाल्या.

दादरहून भोईवाडा चालत जाता येतं. कोर्टाबाहेर फुटपाथवर छत्रीखाली कॉम्प्युटर आणि प्रिंटर मांडून टायपिस्ट बसतात. आम्हाला मिळालेले काका कामाला चटपटीत होते. दिनेशचा कागद त्यांनी पाच मिनिटांत काढला. 'घरगुती अडचणीमुळे शिक्षण घेऊ शकलो नाही.' दिनेशने न वाचता सही केली. सुनीताच्या वेळी त्यांनी तीच ओळ टाकली, फक्त 'शकलो'चं 'शकले' केलं. सुनीताने मात्र स्क्रीनकडे वाकून वाचलं.

"हे नको. मी वीटभट्टीवर होते, ते लिहा."

काका हसले. सगळे घरगुती अडचणच टाकतात, कुणी वाचत नाही, उगाच कामाचं लिहिलंस तर विचारत बसतील, असं त्यांनी तिला समजावलं. मीही त्यांचीच री ओढली, हे कबूल करते. मला तो कागद हवा होता, वाद नको होता.

"विचारू देत," सुनीता म्हणाली. "चार वर्षं भिवंडीकडे भट्टीवर माती तुडवली मी. घरात बसून नव्हते. गॅप कसला? मी काय रिकामी होते?"

काकांनी हात थांबवला. मग त्यांनी ओळ पुसली आणि तिलाच सांगायला लावलं. किती वर्षं, कुठे, काय काम. ती सांगत गेली, ते टाइप करत गेले. चिखल करणं, साच्यात घालणं, वाळलेल्या विटा डोक्यावरून भट्टीपर्यंत नेणं. अर्धं पान भरलं. दिनेश बाजूला उभा राहून ऐकत होता. आपल्या हातातला कागद त्याने पुन्हा उघडून पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला. मी विचारलं, तुझा बदलायचा का? तो म्हणाला, राहू दे.

संध्याकाळी शिवाजी पार्कला कट्ट्यावर बसलो. नेटमधल्या मुलांचा एक चेंडू आमच्या पायाशी आला. दिनेशने बसल्या जागेवरून तो थेट यष्टिरक्षकाच्या हातात फेकला. पलीकडून कुणीतरी शिट्टी वाजवली. दिवसभरात तो पहिल्यांदा हसला.

मुक्काम लालबागला, माझ्या मावशीकडे. तिने गिरणी कामगारांना वीस वर्षं डबे करून दिले. तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत आजही कुणी उपाशी झोपत नाही. बांगड्याचं तिखलं आणि भात होता. जेवताना मी खिडकीवरच्या बाईंचं बोलणं सांगितलं. मावशी दिनेशच्या ताटात भात वाढत म्हणाली, "ह्या मुंबयत सगळेच भायरसून इले. कोणाक घाबरूचा नाय. पोटभर जेव."

सकाळी दहालाच आम्ही खिडकीवर हजर. बाईंनी सुनीताचं अर्धं पान पूर्ण वाचलं. मग शिक्का मारला. मुलाखतीत तिला तोच कागद धरून प्रश्न विचारले. वॉर्डात दिवसभर उभं राहावं लागतं, जमेल का? बाहेर आल्यावर ती म्हणाली, मी त्यांना सांगितलं, मला बसायची सवयच नाही. दिनेशला त्यांनी एक बिघडलेला पंखा दिला. त्याने तो उघडला आणि चालू करून परत दिला. दुपारी यादी लागली. दोघांचीही नावं होती.

परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून त्यांना वरळी कोळीवाड्यात नेलं. अरुंद गल्ल्यांमधून समुद्रापर्यंत. वाळत घातलेले बोंबील बघून सुनीता म्हणाली, आमच्या बाजारात येतात ते इथले की काय. तिने आईसाठी पावशेर घेतले आणि घासाघीस करून कोळणीला हसवलं.

ही सहल इथे संपवली असती तर पोस्ट छान झाली असती. पण पंधरा दिवसांनी कोर्स सुरू झाला आणि नवव्या दिवशी दिनेश बॅग घेऊन पाड्यावर परत आला. वडाळ्याच्या वसतिगृहात एका मुलाचं पाकीट हरवलं होतं. खोलीतल्या मुलांनी सगळ्यात आधी उघडली ती दिनेशची बॅग. का, ते त्याने सांगितलं नाही. कातकऱ्याच्या पोराला ते सांगावं लागत नाही. पाकीट मालकाच्याच गादीखाली सापडलं. माफी कुणी मागितली नाही. मी रेक्टरना फोन केला. ते म्हणाले, मुलं आहेत, चालायचंच. मी म्हटलं, हासुद्धा मुलगाच आहे. मग लेखी तक्रार पाठवली, आठवड्याने दुसरी. तिसरी घेऊन मी स्वतः गेले, तेव्हा त्या मुलांना बोलावून माफीचं पत्र लिहून घेतलं गेलं. संस्थेने दिनेशचं नाव पुढच्या बॅचला ठेवलं.

पत्र मी त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं. महिनाभर तो तालुक्यातले पंप दुरुस्त करत फिरला. मी त्याला पुढचं काही विचारलं नाही. लोकांनी मात्र मला विचारलं, कशाला एवढी ओढाताण, नाही म्हणतो तर सोड. टिकत नाहीत, हे मला त्या महिन्यात कितीजणांनी सांगितलं, मोजलं नाही. नवव्या दिवशी कुणाचं काय चुकलं, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर तो दारात थांबला.

"सुनीता आहे का तिथे अजून?"

आहे, मी म्हटलं. वॉर्डात ड्यूटी लागली तिची.

"मग मीपण जातो. तुम्ही येऊ नका या वेळी. रस्ता माहितीय मला."

सोमवारच्या पहाटेच्या गाडीने तो एकटा गेला. जायच्या आधी तालुक्याला जाऊन त्याने नवं प्रतिज्ञापत्र करून घेतलं होतं. त्यात काय लिहिलंय ते मला दाखवलं नाही, मीही मागितलं नाही.

आज त्याला जाऊन अकरा दिवस झाले. राहील की नाही, मला माहीत नाही. नाही राहिला तर तिसऱ्यांदा जाईल.