डॅशबोर्डवरचं कुंकू

आमच्या दारात दोन सीटांची, वरचा कापडी टप मागे सारता येणारी जुनी विलायती स्पोर्ट्स कार उभी असायची, हे सांगितलं की पुण्याचे नातेवाईक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायचे. झाशीत, रेल्वेच्या कचेरीतल्या हेडक्लार्ककडे असली गाडी? पण होती. जवळच्या बबिन्याच्या लष्करी छावणीतले एक मेजरसाहेब बदली होऊन गेले, तेव्हा जाता जाता ती बाबांच्या गळ्यात मारून गेले. आई म्हणायची, "संसाराला दोन सीटा पुरत नाहीत, एवढंही या माणसाला कळत नाही." आणि कानांवर पदर घट्ट बांधून डावीकडच्या सीटवर बसायची तीच. मी लहान होते तोवर मागच्या फळीवर कशीबशी कोंबली जायचे.

आई गेल्यावर बाबांनी गाडीला हात लावला नाही. पत्र्याच्या शेडखाली ती उन्हाळ्यातली लू, तो भाजणारा वारा, खात पडून राहिली, आणि झाशीची लू कशालाच सोडत नाही. डॅशबोर्डच्या फळीवर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला होता. तो आधी फुगला, मग तडकला, आणि डावीकडच्या कप्प्याच्या झाकणावर तर सुटून वर वळला.

त्या वर्षी पितृपक्षात बाबांनी जाहीर केलं की दसरा झाला की ग्वाल्हेरचा एक गॅरेजवाला येऊन गाडी घेऊन जाईल. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. पूर्वजांच्या तलवारी कधीच्या गेल्या होत्या, म्हणून विळी, अडकित्ता, बाबांचे पाने आणि गाडी यांच्यावर भागवायचं.

"भंगलेली वस्तू पुजत नाहीत," बाबा म्हणाले. "आणि जी पुजायची नाही ती दारात कशाला?"

खरं कारण मला ठाऊक होतं. डावीकडची रिकामी सीट त्यांना बघवत नव्हती. मला मात्र ती गाडी हवी होती, कारण आईला खळखळून हसताना मी फक्त त्या गाडीत ऐकलं होतं.

"मी सांधते ती फळी," मी म्हटलं.

"तू?" बाबा हसले. मी तेव्हा नुकती शाळेत भूगोल शिकवायला लागले होते. पण त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं, आणि माझं डोकं फिरलं की काम तडीला जातं.

"नवमीला अख्खी दिसली तर गाडी ठेवायची. शब्द द्या."

"दिला."

मीटरच्या मागे तारांचं नुसतं जंजाळ होतं. आईच्या शिवणाच्या डब्यातले रंगीत दोरे काढून मी प्रत्येक तारेला आणि तिच्या जागेला एकाच रंगाची गाठ मारली. फळी उतरवून ओसरीवर आणली, पापुद्र्याखाली पांढरा डिंक भरला आणि वर स्वयंपाकघरातला पाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी पाटा उचलला आणि पापुद्रा उन्हातल्या पापडासारखा वर वळला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. इलाइट चौराह्यावरच्या रंगाच्या दुकानात जाऊन जहाल डिंक मागितला, तर दुकानदार म्हणाला, "बहनजी, रेक्सीन मढ़वा लो. कौन देखता है?"

"मैं देखूँगी न, भैया," मी म्हटलं आणि डिंकाची डबी घेऊन आले.

तोही सुटला. रागानं ती फळी मी अंगणात उन्हात आपटली आणि तिच्याशेजारीच बसून राहिले. लाकूड तापलं तसा त्यातून ओळखीचा वास यायला लागला. तिळाचं तेल.

मग सगळं लक्षात आलं. कोरडं कुंकू झडून जातं म्हणून आई दर नवमीला ते तेलात खलायची. कप्प्याच्या झाकणावर, स्वतःच्या सीटसमोर, बोट टेकवायची. एवढ्यावर भागायचं नाही. विळी-अडकित्ता पुसायच्या तेलाच्या फडक्यानं ती अख्खा डॅशबोर्डही पुसायची. लोखंडाला जे चांगलं ते लाकडालाही, असा तिचा हिशोब. वर्षानुवर्षांचं ते तेल भेगांतून आत मुरलं होतं. तिथं डिंक कसा धरणार? आईनं इतक्या मायेनं गाडीची वाट लावली होती.

थिनरच्या बोळ्यांनी मी तेल काढत राहिले, बोळा स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी उरला कप्प्याच्या झाकणावरचा लाल डाग. पॉलिशच्या खाली, थेट लाकडात उतरलेला, आईच्या बोटाएवढा. तो ठेवला तर तेवढ्या जागेतून पापुद्रा पुन्हा सुटणार. मी बाबांना हाक मारली.

"हा खरवडावा लागेल."

ते वाकून बघत राहिले. डागावर स्वतःचं बोट ठेवलं. "मग खरवड," म्हणाले, आणि पाठ फिरवून आत गेले.

मी रडत रडत खरवडला, पण खरवडला. या वेळी पाटा उचलला तेव्हा पापुद्रा जागचा हलला नाही. पॉलिश चढवलं, रंगीत गाठी बघत तारा जोडल्या आणि फळी जागेवर बसवली.

नवमीला बाबा धुतलेलं धोतर नेसून शेडमध्ये आले. लाकडावरून हात फिरवला. मी पाण्यात कालवलेल्या कुंकवाची वाटी पुढे केली. ती त्यांनी बाजूला ठेवली, आत गेले आणि कोरडं कुंकू नि तेलाची बुधली घेऊन आले.

"बाबा, तेल नको! तेलानंच तर—"

"माहीत आहे, बेटा."

त्यांनी तळहातावर कुंकू खललं आणि कप्प्याच्या झाकणावर, बरोब्बर त्याच जागी, बोट टेकवलं.

"आता पुन्हा सुटेल ना ते!"

"सुटलं तर पुन्हा चिकटव. येतंय ना तुला आता?"

मग ते आत बसले आणि किल्ली फिरवली. आदल्या दिवशी मी शाळेत असताना त्यांनी बॅटरी चार्ज करून आणली होती, हे मला तेव्हा कळलं. इंजिन थोडं कुरकुरलं आणि सुरू झालं. बाबांनी आतून हात लांब करून डावीकडचं दार उघडलं.

"बस," ते म्हणाले. "लक्ष्मी तालाच्या काठापर्यंत जाऊन येऊ. कानांवर ओढणी घट्ट बांध."