तोताराम मास्तरांचे पंधरा सेंटिमीटर

धुळ्यात कोणालाही विचारा, तोताराम मास्तर म्हणजे देवमाणूस असंच सांगतील. असतील बापडे! पण माझ्या जन्माचं वाटोळं याच देवमाणसाने केलं, आणि हे मी त्यांच्या अंगणात बसूनही सांगेन.

मास्तर शिंदखेड्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. १९०९ साली पुण्याला कॉलेजात सायन्स शिकायला गेले. वर्ष संपता संपता बाप वारला, तसे परत आले आणि धुळ्यात हायस्कुलात शिकवू लागले. आपलं राहिलं ते पोरांकडून पुरं करून घ्यायचं, असा त्यांनी हट्टच धरला. मॅट्रिकची पोरं रोज सकाळी शाळेआधी त्यांच्या अंगणात जमायची. फीचं नाव नाही. उलट मंजुळाअक्का, म्हणजे मास्तरीणबाई, आम्हालाच भाकर-चटणी द्यायच्या.

गणित काय शिकवायचे! निंबाची सावली काठीने मोजायला लावायचे आणि झाडाची उंची काढून घ्यायचे. पुना पाटलाच्या विहिरीची खोलीसुद्धा आम्ही काठावर उभं राहून काढली होती. बादलीचा दोर मोजला तर वीतभराचाही फरक नाही. मी, अभिमन, त्यांचा सगळ्यात लाडका. मी इंजिनियर होणार हे मास्तरांनी माझ्या बापाच्या आधी ठरवलं होतं.

घोडं अडलं ते पदार्थविज्ञानाशी. शाळेच्या कपाटात प्रयोगाचं साहित्य म्हणजे एक फुटका थर्मामीटर. मग मास्तर आपली पुण्याची प्रयोगवही काढायचे. काळ्या पुठ्ठ्याची, रुमालात बांधलेली. तिच्यातले प्रयोग आम्ही पाढ्यासारखे घोकायचो. एक होता भिंगाचा. भिंग खिडकीसमोर धरायचं, मागे कागद धरायचा, खिडकीचं उलटं चित्र स्वच्छ पडलं की भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर मोजायचं.

"उत्तर पंधरा सेंटिमीटर," मास्तर बजावायचे. "पंधरा नाही आलं तर समजायचं, आपला हात हलला."

भिंगागणिक उत्तर वेगळं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांनाच माहीत नव्हतं तर सांगणार काय, डोंबल!

१९३१ च्या जूनमध्ये मी पुण्याला गेलो. कॉलेजात सायन्सच्या जागा थोड्या, अर्ज फार. म्हणून प्रोफेसर एकेकाला बोलावून गणित घालत, एक प्रयोग करायला लावत. जागा मिळाली तर इंजिनियरिंगची वाट, नाही तर दुसऱ्या दिवशी धुळ्याची गाडी. बापाने सांगूनच ठेवलं होतं, एकदा जा, नाही जमलं तर मुकाट्याने परत ये.

गणितं मी पटापट सोडवली. प्रोफेसर खूश झाले. मग त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. भिंग! जन्मात पहिल्यांदा. मी ते खिडकीसमोर धरलं आणि कागदावर चित्र उतरलं. गज, बाहेरचं झाड, सगळं उलटं, इवलंसं, लख्ख. माझ्या अंगावर काटा आला. पट्टी लावली. वीस.

हात हलला म्हणायचा! पुन्हा धरलं, पुन्हा वीस. तिसऱ्यांदा वीस. मग मी कागद पंधरावर सरकवला. चित्र पार फिस्कटलं. तरी मी लिहिलं पंधरा. डोळ्यांनी दिसत होतं ते खोटं ठरवलं आणि मास्तरांची वही खरी ठरवली.

प्रोफेसरांनी कागद बघितला. "हे भिंग विसाचं आहे. तू बघितलंस तरी का?"

मी बघितलं होतं हो! तीनदा बघितलं होतं. पण ते सांगायचं सोडून मी भिंग मुकाट टेबलावर ठेवलं. जागा दुसऱ्याला गेली.

गेली पंधरा वर्षं मी जिनिंग प्रेसमध्ये वजनकाट्यावर आहे. कापसाच्या गाड्या येतात. काट्यावर दिसेल तो आकडा ओरडून सांगायचा, एवढंच काम. तेवढं मला झकास जमतं.

मास्तरांकडे मी पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. परवा कळलं, त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, जाड भिंगांचा चष्मा लागला. भिंगांचा! डोकं फिरलं माझं. खिशात पट्टी घालून गेलो आणि पुण्यातलं सगळं त्यांच्या तोंडावर सांगितलं. पंधरा कुठून आणलं, म्हणून विचारलं.

मास्तरांनी ती काळी वही काढून रुमाल सोडला. मग म्हणाले, "प्रयोगाला दोघांची जोडी असायची. माझा जोडीदार मोठ्या घरचा. भिंगाला हात लावू द्यायचा नाही, खेडवळ पोरगा फोडेल म्हणून. तो सांगायचा, मी लिहायचो."

मग त्यांनी स्वतःच चष्मा काढून माझ्यापुढे धरला. "चल, आता करू."

मी त्यांना खिडकीसमोर बसवलं. त्यांच्या बोटांत चष्मा, माझ्या हातात वहीचं कोरं पान. पानावर खिडकी उमटली, उलटी, लख्ख. मास्तर डोळे ताणून बघत होते. पण चष्मा हातात, तर डोळ्यांना काय दिसणार? पानावर काही उमटलंय एवढंही त्यांना कळत नव्हतं.

"उमटलं?"

"उमटलं, मास्तर."

"मोज."

मी पट्टी लावली. दहा.

"पंधरा ना रे?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की माझा सगळा राग विरला. आग लागो माझ्या जिभेला.

"पंधरा," मी म्हणालो. "बरोब्बर पंधरा."

मास्तर लहान पोरासारखे हसले. चाचपडत चष्मा कानांवर चढवला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि अगदी मायेनं, आपल्या अहिराणीवर येऊन विचारलं,

"मंग तू नापास कसा काय व्हयना रे, भाऊ?"