घासलेटाचा डबा आणि साहेबांची सुकेळी

बी.एस्सी. झाल्यावर मला वसईकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. जवळच्या वटार गावात एका ख्रिस्ती मावशींच्या घरी मी खोली घेऊन राहत होतो. लढाई संपली होती, पण घासलेट अजून रेशनवरच मिळायचं. माझ्या जुन्या डब्याची गंजलेली शिवण पाहून मावशी म्हणाल्या, "मास्तर, आधी शिवनीला कथलाचा डाग देऊन आना."

मी डब्यात पाणी भरून तो दिवसभर अंगणात ठेवला. थेंबही गळला नाही.

"पानी राहिलं म्हंजे घासलेट राहील असं नाय."

"मावशी, मी बी.एस्सी. आहे."

या युक्तिवादापुढे त्या बिचाऱ्या काय बोलणार? घासलेट भरून डबा मी फळीवर ठेवला. खाली त्यांनी आठ दिवस उन्हात वाळवलेल्या केळ्यांची, म्हणजे सुकेळ्यांची, टोपली होती. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांसाठी हेडमास्तरांनी ती मागवली होती. फुकट, हे सांगायला नकोच. सकाळी शिपाई टोपली घेऊन गेला. घरात घासलेटाचा वास रोजचाच, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

साहेब माझ्या वर्गात मागे बसले. मी पेल्यातल्या पाण्यावर सुई तरंगवली आणि छाती पुढे काढून सांगू लागलो, "पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. म्हणून तेलकट पत्र्याच्या बारीक फटीशी पाणी अडतं. घासलेटाच्या रेणूंची आपसातली पकड सैल. ते पत्र्यावर पसरत जातं आणि फटीतून..."

इथे मला फळीवरचा डबा आणि त्याखालची टोपली आठवली. ही वाक्यं मी वर्षभर घोकून म्हणत होतो. समजली ती त्या क्षणी.

तास संपवून मी हेडमास्तरांच्या खोलीकडे धावत गेलो, तोवर साहेबांनी सुकेळं तोंडात घातलं होतं.

"वास जरा निराळा आहे," ते म्हणाले.

"इथल्या जमिनीचाच गुण, साहेब!" म्हणत हेडमास्तरांनी एक अख्खं गिळलं. मग साहेबांनीही गिळलं. मी तोंड उघडलं, तर हेडमास्तरांनी त्यातही एक कोंबलं. माझ्याबद्दल शेरा आला, 'विज्ञानाचे अध्यापन उत्तम.'

संध्याकाळी मी मावशींना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत.

"आठ दिस मी कावळे हाकले, मास्तर. नि तुमच्या शिकलेल्या मानसांना घासलेट कळलं पन नाय?"

मी माफी मागितली. पुढच्या रविवारी त्या चर्चमध्ये मिस्साला गेल्या, ते नवी केळी उलटायला मला अंगणात बसवून. दुपारपर्यंत माझी पाठ चांगलीच भाजली.