भीमरावांचा डावा गाल

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीत भीमराव रोकडे एकतीस वर्षं लॅब असिस्टंट होते, आणि शेवटपर्यंत असिस्टंटच राहिले. त्याचं कारण सगळ्या खात्यांना माहीत होतं. एकदा एका टँकरमधल्या ॲसिडची तीव्रता त्यांच्या मोजणीत एकतीस टक्के आली. साहेबांना तेहतीस हवी होती. भीमरावांनी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एकतीसच. शेवटी साहेबांनी रजिस्टर ओढून स्वतःच तेहतीस लिहिलं. भीमरावांचं रीडिंग पेन्सिलीतलं होतं, साहेबांचं शाईतलं. टँकर गेला, साहेब बढती घेऊन वर गेले, भीमराव होते तिथेच बसले.

असा माणूस सत्तावन्नाव्या वर्षी तरुण दिसण्याचं इंजेक्शन घेणार, हे कळलं तेव्हा कॅन्टीनमध्ये आनंदीआनंद झाला.

"काय भीमराव, दुसरं लग्न काय?" फिटर महेशने विचारलं.

"पहिलंच अजून रीतसर जमलेलं नाही," भीमराव म्हणाले आणि डबा उघडला.

खरं कारण वेगळं होतं. त्यांचे दिवंगत मित्र हरिचंद्र यांची मुलगी यशोधरा त्वचारोगाची डॉक्टर झाली होती. उल्हासनगरात एका साडीच्या दुकानावर तिचा दवाखाना होता. २००९ साली त्या रस्त्यावरच्या दोन पार्लरांनी 'अपने ही खून से जवानी' असे बोर्ड लावले होते. यशोधराला विचारायला रोज बायका येत. हे खरंच चालतं का, ते तिला स्वतः तपासायचं होतं. दंडातून रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, वर पिवळसर प्लाझ्मा येतो तो गालात टोचायचा. पण एकाच गालात. दुसऱ्या गालात नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या गालात काय, हे पेशंटला कळू द्यायचं नाही आणि शेवटी फोटो तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. यादी बंद पाकिटात तिच्या सरांकडे. तीन महिने चेहऱ्याला साबण-पाण्याशिवाय काही लावायचं नाही.

"म्हणजे अर्धं तोंड सँपल आणि अर्धं ब्लँक," भीमराव म्हणाले. लॅबमध्ये ते रोज हेच करत; औषध न घातलेली एक नळी तुलनेसाठी बाजूला ठेवत. "पोरी, माझं नाव लिही. निदान हे रीडिंग तरी कुणी खोडणार नाही."

अठरा माणसं जमली. भीमरावांनी इंजेक्शनच्या तिन्ही तारखा मिनिटावर पाळल्या. उजवा गाल जास्त चुरचुरला, म्हणून प्लाझ्मा उजवीकडे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आम्हालाही तसंच सांगितलं, आणि मग आम्हाला दिसूही लागलं. महेशला उजवीकडच्या सुरकुत्या कमी वाटल्या. साडीवाल्या सिंधी शेठने, "साईं, राइट साइड तो एकदम हीरो," असा निकाल दिला. मीही चष्मा पुसून, उजवीकडून पाच-सहा वर्षं सहज कमी वाटतात, असं म्हणालो होतो. ते इथे नोंदवून ठेवतो.

शेवटच्या फोटोला आठ दिवस उरले असताना भीमराव सकाळी बेलवलीच्या घरी तोंड धूत होते. बाजूलाच त्यांची बायको चांगुणाबाई उशीच्या अभ्र्याला साबण लावत होती. अभ्र्यावर लाल डाग उमटला.

"रक्त कुठून आलं?"

"काय की. ढेकूण असंल."

भीमरावांनी वाकून पाहिलं. कोरड्या कडेला डाग पिवळा होता आणि साबण लागला तिथे लाल. एकतीस वर्षं लॅबमध्ये घालवलेल्या माणसाला याहून जास्त पुरावा लागत नाही.

"चांगुणा, ही हळद आहे."

चांगुणाबाईंनी चोराच्या उलट्या बोंबा मारल्या नाहीत, सरळ सांगितलं. पहिल्या शिफ्टहून आल्यावर भीमराव चार वाजता तासभर झोपत. तेवढ्यात त्या डाव्या गालाला साय-हळद लावत आणि उठायच्या आत ओल्या फडक्याने पुसून घेत.

"अहो, एका गालाला औषध आन् दुसऱ्याला नुसतं पाणी? असला पंक्तिप्रपंच आपल्या घरात नाय चालायचा. आपल्या आज्या-पणज्यांनी लई भोगलाय."

"अगं, तो ब्लँक होता!"

"तो गाल होता. माझ्या नवऱ्याचा."

तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांनी मला सगळं सांगितलं. मी म्हणालो, "कुणाला कळणारे? गप्प बसा, फोटो काढा. नाही तर एवढ्या महिन्यांची मेहनत बाद होईल."

"साहेबही असंच म्हणाले होते," भीमराव म्हणाले.

त्या रविवारी ते दवाखान्यात गेले. यशोधराने ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं.

"काका, अठरांत तुम्ही एकटे असे, ज्यांनी एकही तारीख चुकवली नाही. आणि तुम्हालाच काढावं लागणार."

"मग माझं रीडिंग?"

"नाही धरता येणार, काका."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "धरू नकोस."

महिन्याभराने पाकीट उघडलं. भीमरावांचा प्लाझ्मा डाव्या गालात होता. म्हणजे चांगुणाबाईंनी जेवलेल्यालाच पुन्हा वाढलं होतं, आणि आम्ही सगळे ज्या गालावर भाळलो होतो त्यात मिठाचं पाणी होतं.

उरलेल्या सतरा जणांपैकी बहुतेकांना आपण तरुण झाल्यासारखं वाटलं होतं. फोटो पाहणाऱ्या डॉक्टरांना मात्र दोन गालांत जेमतेम फरक दिसला. यशोधराने तसंच लिहिलं: न भरणाऱ्या जखमांवर प्लाझ्मा चालतो याला थोडा आधार सापडतो, चेहऱ्याच्या बाबतीत अजून आशाच जास्त आहे, जास्त माणसं आणि जास्त काळ घेऊन तपासायला हवं. पार्लरचे बोर्ड जागचे हलले नाहीत. उलट एकावर दिवे लागले.

तिचा अहवाल डॉक्टरांच्या एका छोट्या नियतकालिकात आला. भीमराव तो कॅन्टीनमध्ये घेऊन आले आणि इंग्रजीतली एक ओळ मला मराठीत वाचायला लावली: 'एक सहभागी वगळला. चेहऱ्याला घरगुती लेप लागल्याची माहिती त्याने स्वतःहून दिली.'

"पुन्हा वाचा," ते म्हणाले. मी वाचलं. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं, शाई लागते का ते पाहावं तसं.

"खोडलं नाही," ते म्हणाले. "काढलं, पण कारण लिहून काढलं."

घरी त्यांनी ती ओळ चांगुणाबाईंनाही वाचून दाखवली. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आन् लेप लावला कोणी, ते नाय लिवलं?"